राजीखुशीने कोण मरतो?

खरेदीखत असो की हक्कसोडपत्र, आपल्याकडच्या दस्तात एक ओळ ठरलेली असते. लिहून देणाऱ्याने हे राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून दिले आहे, अशी ती ओळ. आपल्या किती आज्या-पणज्यांनी त्या ओळीखाली अंगठा उठवला आणि जमिनीचा तुकडा गमावला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. अंगठा उठवणाऱ्याला ती ओळ वाचता येत नव्हती. डोक्यावर सावकाराचे कर्ज होते, घरात उपाशी लेकरे होती. तरी कागद म्हणत होता, राजीखुशीने. आणि कोर्ट कागदाचे ऐकत होते.

कारखान्यात, खाणीत, रेल्वेत मरणाऱ्या कामगारांच्या बाबतीत कायद्याने याच्याही पुढची मजल मारली होती. तेथे कागदाची गरज नव्हती आणि अंगठ्याचीही नव्हती. कामगार सकाळी कामावर आला, हाच त्याचा अंगठा. काम धोक्याचे आहे हे त्याला दिसत होते, तरी तो आला. म्हणजे धोका त्याने स्वतःहून पत्करला. मग हात तुटला, पाय गेला, जीव गेला, तरी मालकाकडे भरपाई मागायची नाही. इंग्लंड-अमेरिकेच्या कोर्टांत मालकाचा वकील उठून एवढेच सांगे आणि विधवेचा दावा निकालात निघे. या बचावाला धोक्याचा स्वीकार म्हणत. त्याच्या पाठीशी रोमन काळातले लॅटिन तत्त्व होते. जो राजी आहे त्याला इजेची तक्रार नाही, असा त्याचा आशय.

तत्त्व म्हणून ते खोटे नाही. आखाड्यात उतरलेल्या पैलवानाने पाठ टेकली म्हणून प्रतिस्पर्ध्यावर दावा लावू नये, हे कोणालाही पटेल. पण पैलवान हौसेने आखाड्यात उतरतो. भट्टीसमोर बारा तास उभा राहणारा मजूर हौसेने उभा राहत नाही. या दोघांना एकाच मापाने मोजले, येथेच खरी गोम आहे. ही गोम आकडे मांडून, घरोघर फिरून, कायदा लिहून उघडी पाडणाऱ्या एका बाईचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत. त्यांचे नाव क्रिस्टल ईस्टमन. अमेरिकेच्या स्त्रीमुक्तीच्या आणि नागरी हक्कांच्या इतिहासात हे नाव मोठे आहे. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणी घेत नाही.

क्रिस्टल यांचा जन्म २५ जून १८८१ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मार्लबरो गावी झाला. आई आणि वडील दोघेही धर्मोपदेशक. बाईने चर्चच्या व्यासपीठावर उभे राहून प्रवचन करावे, ही गोष्ट त्या काळी तिकडेही दुर्मीळ होती. अ‍ॅनिस फोर्ड ईस्टमन यांनी ती केली. आईच कमावती आणि बोलती असलेल्या घरात वाढलेल्या मुलीला बाईची जागा चुलीपाशी असते हे शिकवायला कोणी नव्हते. धाकटा भाऊ मॅक्स पुढे लेखक व संपादक म्हणून गाजला. बहीण-भावाची ही जोडी शेवटपर्यंत एकमेकांच्या कामात होती.

१९०३ साली क्रिस्टल व्हॅसर कॉलेजातून पदवीधर झाल्या. १९०४ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून समाजशास्त्रात एम. ए. केले. कोलंबिया म्हटले की आपल्या वाचकाचे कान टवकारणार, हे आम्हाला ठाऊक आहे. बाबासाहेब त्याच विद्यापीठात १९१३ साली दाखल झाले. पण ज्या विद्यापीठाने क्रिस्टल यांना समाजशास्त्र शिकवले, त्याच्या कायदा शाखेचे दार तेव्हा स्त्रियांना बंद होते. म्हणून त्या न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलमध्ये गेल्या आणि १९०७ साली वर्गात दुसऱ्या क्रमांकाने वकील होऊन बाहेर पडल्या. वय २६. हातात सनदेची पात्रता होती, पण बाईला पक्षकार देणार कोण?

याच वेळी पॉल केलॉग नावाच्या समाज-अभ्यासकाने पिट्सबर्ग शहराची पाहणी हाती घेतली होती. रसेल सेज फाउंडेशनचा पैसा तिला होता. पिट्सबर्ग म्हणजे अमेरिकेच्या पोलादाचे माहेरघर. रात्रंदिवस पेटत्या भट्ट्या, कोळशाच्या खाणी, मालगाड्यांचे जाळे. मजूर बहुतेक पूर्व आणि दक्षिण युरोपातून आलेले, इंग्रजी न येणारे, पोटासाठी आलेले. पोलाद कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी. या शहरात कामावर माणसे किती मरतात, कशी मरतात आणि मेल्यावर त्यांच्या घराचे काय होते, हा भाग केलॉग यांनी क्रिस्टल यांच्याकडे सोपवला. काही महिन्यांसाठी गेलेल्या क्रिस्टल या कामात वर्षभर बुडून गेल्या.

त्यांनी काय केले ते नीट पाहिले पाहिजे, कारण चळवळीला शिकण्यासारखे तेथेच आहे. त्यांनी आधी भाषण केले नाही. आधी मोजदाद केली. अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरच्या दप्तरातून पिट्सबर्ग ज्या अ‍ॅलेघेनी काउंटीत येते, तेथल्या जुलै १९०६ ते जून १९०७ या एका वर्षातल्या कामावरच्या मृत्यूंची नोंद त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उतरवून काढली. आकडा निघाला ५२६. त्यात १९५ पोलाद कामगार, १२५ रेल्वे कामगार, ७१ खाणकामगार आणि १३५ इतर. शिवाय तीन महिन्यांत रुग्णालयांत आलेल्या ५०९ जखमींची माहिती गोळा केली. मग दप्तर मिटून त्या मेलेल्यांच्या घरी गेल्या. दुभाषे बरोबर घेतले. विधवेला, म्हाताऱ्या आईला, सोबत काम करणाऱ्यांना विचारले. अपघात कसा झाला, कंपनीने काय दिले, आता घर कोण चालवते, शाळेतला पोरगा कामावर गेला का, असे एकेक प्रश्न.

कंपन्यांच्या साहेबांकडे याचे उत्तर तयार होते. शंभरातले पंच्याण्णव अपघात कामगाराच्याच निष्काळजीपणामुळे होतात, असे त्यांना मनापासून वाटत होते. क्रिस्टल यांनी हे उत्तर झटकून टाकले नाही, तपासले. काही अपघातांत मरणाऱ्याची चूक होती. तीही त्यांनी लपवली नाही. पण मालकाची, मुकादमाची किंवा सहकाऱ्याची चूक असलेले अपघातही मोठ्या संख्येने निघाले. आणि ज्याला निष्काळजीपणा म्हणतात तो येतो कोठून, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला. अकराव्या तासाला डोळा लागतो तो निष्काळजीपणा का? भट्टीच्या धगीत आणि यंत्रांच्या आवाजात मागून येणाऱ्या गाडीची हाक ऐकू येत नाही, तो निष्काळजीपणा का? उत्पादन वाढवा म्हणून मुकादम मागे लागलेला असताना दोन पावले वाचवण्यासाठी रुळावरून उडी घेतली, तो निष्काळजीपणा का? कोवळ्या पोराला धोका कळला नाही, तो निष्काळजीपणा का? अशी छाननी केल्यावर साहेबांचा पंच्याण्णवाचा हिशेब टिकला नाही.

मग नुकसान सोसले कोणी? मृतांच्या निम्म्याहून अधिक कुटुंबांना मालकाकडून शंभर डॉलर किंवा त्याहून कमी मिळाले. अनेकांना काहीच मिळाले नाही. शंभर डॉलर म्हणजे साध्या मजुराची दोन-तीन महिन्यांची मजुरी. पोलादाचा नफा कंपनीच्या तिजोरीत जात होता आणि पोलादाची किंमत विधवा मोजत होती. दुसऱ्यांचे कपडे धुऊन, भाडेकरू ठेवून, पोरांच्या शाळा सोडवून. हे सगळे १९१० साली ‘वर्क-अ‍ॅक्सिडेंट्स अँड द लॉ’ या पुस्तकात छापून आले. लुईस हाईन या छायाचित्रकाराने टिपलेली कामगारांची चित्रे त्यात होती. अमेरिकेत कामावरच्या अपघातांचा इतका सखोल अभ्यास त्याआधी झालेला नव्हता.

आता या अन्यायाला कायद्याचे कवच कसे मिळाले ते पाहू. १८३७ साली इंग्लंडमध्ये प्रिस्टली विरुद्ध फाउलर हा खटला झाला. एका खाटकाच्या नोकराला मालकाने जास्त भरलेल्या गाडीवर पाठवले, गाडी मोडली, नोकर जायबंदी झाला. ज्यूरीने शंभर पौंड भरपाई दिली. वरिष्ठ कोर्टाने ती फिरवली. नोकराला मालकाइतकेच दिसत होते, त्याने नको म्हणायला हवे होते, असा न्यायमूर्तींचा विचार. १८४२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी फारवेल या इंजिनचालकाचा दावा फेटाळला. सांधेवाल्याच्या चुकीने गाडी घसरली आणि फारवेलचा उजवा हात चिरडला गेला होता. शॉ यांनी सांगितले की इंजिनचालकाला जास्त पगार मिळतो, त्या पगारातच धोक्याची किंमत आलेली आहे. म्हणजे हात आधीच विकला गेला होता, रोज दोन डॉलरने!

यातूनच मालकाच्या तीन ढाली तयार झाल्या. पहिली, सोबतच्या कामगाराची चूक असेल तर मालक जबाबदार नाही. दुसरी, जखमी कामगाराची रतीभर चूक असली तरी दावा बाद. आणि तिसरी, कामगाराने धोका पत्करलाच होता. पहिल्या दोन ढालींतून कोणी सुटला तर तिसरीवर आपटे.

तिसरी ढाल किती निर्दय होती, याचा एक दाखला १९०० सालचा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये कुऱ्हाडी तयार करणाऱ्या कारखान्यात एक जुना कामगार कुऱ्हाडींना रंग द्यायचा. कंपनीने वाळवणीसाठी नव्या फळ्या बसवल्या. यावरून कुऱ्हाडी खाली पडतील, अशी तक्रार त्याने वरिष्ठाकडे केली. याच फळ्या वापर, नाही तर चालू लाग, असे उत्तर मिळाले. तो थांबला. एके दिवशी कुऱ्हाड अंगावर पडली. तो कोर्टात गेला. न्यायमूर्ती होते ऑलिव्हर वेंडेल होम्स, पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेले मोठे नाव. त्यांनी निकाल दिला की धोका ओळखून तो कामावर राहिला, म्हणजे त्याने धोका स्वीकारला. पाहा, त्याने धोका ओळखला होता, तोंड उघडून सांगितला होता, आणि हेच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरले. मुका राहिला असता तर कदाचित त्याची बाजू बरी ठरली असती!

वास्तविक इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९१ सालीच स्मिथ विरुद्ध बेकर या खटल्यात सांगून ठेवले होते की धोका माहीत असणे आणि धोक्याला राजी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या खटल्यातल्या कामगाराच्या डोक्यावरून क्रेनने दगड नेले जात होते. ते त्याला दिसत होते, म्हणून दगड डोक्यात पडायला तो राजी होता असे होत नाही. इतकी साधी गोष्ट. पण बहुतेक अमेरिकी न्यायाधीशांना ती पटायला अजून वेळ होता.

१९०९ साली न्यूयॉर्कचे गव्हर्नर चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी मालकांच्या जबाबदारीचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला आणि त्यावर क्रिस्टल यांना घेतले. आयोगात १४ सदस्य. बाई एकटी, आणि तीच सचिव. या आयोगाच्या कामातून १९१० साली न्यूयॉर्कचा कामगार भरपाई कायदा झाला. त्याचे लेखन प्रामुख्याने क्रिस्टल यांचे.

या कायद्याने प्रश्नच बदलला. चूक कोणाची, हे विचारणेच सोडून दिले. धोक्याच्या धंद्यात कामगार जखमी झाला की भरपाई द्यायचीच. जसे मोडलेले यंत्र दुरुस्त करण्याचा खर्च मालक धंद्याच्या हिशेबात धरतो, तसा मोडलेल्या माणसाचा खर्चही त्याच हिशेबात धरायचा. कामगाराने धोका पत्करला की नाही, या वादाला जागाच उरली नाही. जर्मनीत १८८४ साली आणि इंग्लंडमध्ये १८९७ साली असे कायदे झाले होते. अमेरिका मागे राहिली होती.

पण प्रस्थापित सहजासहजी हटत नसतात. आइव्ह्ज नावाचा एक रेल्वे कामगार सप्टेंबर १९१० मध्ये जखमी झाला. कंपनीने भरपाई तर नाकारलीच, कायद्यालाच आव्हान दिले. २४ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला. चूक नसताना मालकाचा पैसा घेणे म्हणजे त्याची मालमत्ता हिसकावणे, असे न्यायमूर्तींना वाटले. कामगाराचे हातपाय ही त्याची मालमत्ता आहे की नाही, हा विचार त्या निकालात डोकावला नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी, २५ मार्च १९११ रोजी, न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल कंपनीच्या शिलाई कारखान्याला आग लागली. इमारतीचा आठवा, नववा, दहावा मजला. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. १४६ जण मेले. बहुतेक ज्यू आणि इटालियन निर्वासित घरांतल्या तरुण मुली. कित्येकींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. शेजारच्याच इमारतीत क्रिस्टल जेथे शिकल्या ते लॉ स्कूल होते. तेथल्या विद्यार्थ्यांनी गच्चीवरून शिड्या लावून अनेकांना वाचवले. कारखान्याचे मालक डिसेंबर १९११ मध्ये फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटले. पुढे १९१४ साली दिवाणी दाव्यांत तडजोड झाली ती एका जिवामागे ७५ डॉलरची.

त्या मुलींनी कुलूपबंद दाराआड काम करण्याचा धोका राजीखुशीने पत्करला होता काय? आदल्या दिवशी न्यायालयाने मालकाच्या मालमत्तेचे पावित्र्य सांगितले आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर प्रेते रांगेने मांडलेली लोकांनी पाहिली. क्रिस्टल यांनी त्या वर्षी लिहिलेल्या लेखात नुसत्या मदतनिधीवर समाधान मानायला नकार दिला. अपघातांची सक्तीची नोंद, सुरक्षेच्या कायद्याची कडक अंमलबजावणी आणि भरपाईचा नवा कायदा, असा त्यांचा आग्रह होता. मेल्यावर पैसे देणे ही न्यायाची शेवटची पायरी झाली. पहिली पायरी माणूस मरू न देण्याची आहे.

लोकमत पेटले. नोव्हेंबर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मतदारांनी राज्याच्या घटनेतच दुरुस्ती केली आणि न्यायालयाने अडवलेला रस्ता मोकळा केला. नवा भरपाई कायदा १९१४ पासून लागू झाला. १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला. एकामागून एक राज्ये याच वाटेने गेली. शेवटचे मिसिसिपी, १९४८ साली. आंतरराज्य रेल्वेच्या कामगारांवरची धोका पत्करल्याची ढाल संघराज्याच्या संसदेने १९३९ साली काढून टाकली.

हे होत असताना क्रिस्टल स्वतः पुढच्या लढाईत होत्या. १९११ साली लग्न करून त्या विस्कॉन्सिन राज्यात गेल्या आणि तेथे स्त्रियांच्या मताधिकाराची १९१२ ची मोहीम चालवली. ती हरली. १९१३ साली अ‍ॅलिस पॉल आणि ल्यूसी बर्न्स यांच्याबरोबर त्यांनी राष्ट्रीय पातळीवर मताधिकाराची नवी संघटना उभी केली. पहिले महायुद्ध आले तेव्हा त्या युद्धविरोधी आघाडीवर होत्या. युद्धाला विरोध करणाऱ्यांना तुरुंगात टाकले जाऊ लागले, तेव्हा १९१७ साली रॉजर बाल्डविन यांच्यासोबत त्यांनी नागरी स्वातंत्र्याचे कार्यालय सुरू केले. त्यातूनच १९२० साली अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही प्रख्यात संस्था जन्मली. १९१८ पासून भाऊ मॅक्सबरोबर त्यांनी ‘द लिबरेटर’ हे मासिक काढले. अ‍ॅलिस पॉल यांच्या १९२३ च्या स्त्री-पुरुष समान हक्क घटनादुरुस्तीच्या प्रयत्नातही त्या सामील होत्या.

एवढे केल्यावर बक्षीस काय? महायुद्धानंतर अमेरिकेत डाव्या विचाराच्या माणसांची धरपकड सुरू झाली. क्रिस्टल यांचे नाव काळ्या यादीत गेले. जिने राज्याचा कायदा लिहिला तिला पगाराचे काम मिळेना. दुसरे पती वॉल्टर फुलर इंग्लंडचे. त्यामुळे न्यूयॉर्क आणि लंडन अशी येरझार, लेख लिहून मिळेल तेवढे मानधन आणि दोन मुले. १९२७ साली फुलर वारले. मूत्रपिंडाच्या विकाराने क्रिस्टल स्वतः खंगल्या आणि जुलै १९२८ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी गेल्या. अनेक दशके त्यांचे नाव पुस्तकांतून गायब होते. २००० साली त्यांना अमेरिकेच्या स्त्री-गौरव दालनात स्थान मिळाले.

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले, तेव्हा हे शहर याच प्रश्नाने ढवळून निघत होते. दोघांची भेट झाली, असे आमचे म्हणणे नाही. पण दोघांनी एकाच प्रश्नाला हात घातला. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो ला किंमत काय? १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी जात माणसाला धंदा निवडूच देत नाही हे दाखवून दिले. १९३८ साली मुंबईत संप बेकायदा करू पाहणारे विधेयक आले, तेव्हा ते त्याविरुद्ध उभे राहिले. काम नाकारण्याचा हक्क काढून घेतला की कामगाराचा गुलाम होतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. ७ नोव्हेंबर १९३८ चा संप याच मुद्द्यावर झाला.

योगायोग असा की त्याच १९३८ साली भारतात मालकांच्या जबाबदारीचा कायदा झाला. कामगाराने धोका पत्करला असे मानायचे तर तो धोका त्याला पूर्ण समजावून सांगितला होता, त्याला तो कळला होता आणि त्याने स्वेच्छेने पत्करला होता, हे मालकाने सिद्ध करावे, असे त्यात लिहिले गेले. चूक न विचारता भरपाई देणारा कामगार भरपाई कायदा त्याआधीच, १९२३ साली आला होता. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४४ साली अडारकर यांचा आरोग्य विम्याचा अहवाल आला. त्याच वाटेने पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला.

म्हणजे कायद्याच्या पुस्तकातून राजीखुशीची ओळ बरीचशी पुसली गेली. माणसांच्या तोंडून पुसली गेली आहे काय? गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरलेला आपला भाऊ विषारी वायूने गुदमरून मरतो, तेव्हा ठेकेदार काय सांगतो? आम्ही सांगितले नव्हते, तो आपल्या मर्जीने उतरला. जास्त पैशांच्या लोभाने उतरला. दारू प्यायला होता. वाचकहो, हे तीन जबाब नीट ऐका. प्रिस्टलीचा खाटीक, न्यायमूर्ती शॉ आणि पिट्सबर्गचे साहेब यात बोलताना ऐकू येतील. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये आणि २०२३ साली ३० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तरी घरच्यांना ती मिळवण्यासाठी खेटे घालावे लागतात, कारण मर्जीची ती जुनी ओळ पंचनाम्यात पुन्हा शिरते.

गटारात उतरणारा हौसेने उतरत नाही. त्याच्या आधी त्याचा बाप उतरला होता. दुसरे काम मागायला गेला तर त्याच्या हातात झाडूच दिला जातो. अशा माणसाची मर्जी दाखवणे म्हणजे जातीने केलेल्या सक्तीवर त्याचाच अंगठा उठवून घेणे होय.

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी आली, तर आमची कार्यकर्त्यांना विनंती आहे. श्रद्धांजलीच्या आधी क्रिस्टल ईस्टमन यांचे काम करा. मृताच्या घरी जा. वही घ्या. नाव, वय, वेळ, कोणाच्या सांगण्यावरून उतरला, मास्क होता का, दोर होता का, हे लिहून घ्या. आणि तीन प्रश्न विचारा. त्याला धोका कोणी समजावून सांगितला होता? त्याच्यापुढे दुसरे काम होते का? त्याने नाही म्हटले असते तर संध्याकाळी त्याच्या घरी चूल पेटली असती का? ती वही पोलीस ठाण्यात, पालिकेत आणि कोर्टात पुढे ठेवा. अ‍ॅलेघेनी काउंटीतल्या ५२६ माणसांची नोंद झाली नसती, तर त्यांच्या मरणाला आजही निष्काळजीपणाच म्हटले गेले असते.